पेण ते रोहे : एका अंतराचा इतिहास

नकाशावर पट्टी ठेवून मी पेण ते रोहे हे अंतर मोजले. सरळ रेषेत ते जेमतेम ३३ किलोमीटर, म्हणजे सुमारे २० मैल भरले. आणि तेही जवळजवळ नीट दक्षिणेस. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला एवढे अंतर तोडण्यास अडीच मिनिटे पुरावीत. वडखळ-नागोठण्यावरून जाणारी सडक सुमारे ४० किलोमीटरची. या दोन गावांत विमान उतरत नाही हे खरे. परंतु हा हिशेब मांडल्यावर मनात एक प्रश्न राहिला. इतकी जवळची ही गावे एकमेकांना परकी का राहिली?

उत्तर पाण्यात आहे. पेण भोगावतीच्या काठी, रोहे कुंडलिकेच्या. मधून अंबा वाहते. पेणचा माल अंतोऱ्याच्या बंदरातून धरमतरच्या खाडीने मुंबईस जाई. रोह्याचा तांदूळ कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीने मुंबईसच जाई. मचवे भरतीबरोबर वर येत, ओहोटीबरोबर खाली जात. शेजार खरा, पण दोघांचीही तोंडे मुंबईकडे!

मधल्या नागोठण्यास अंबेवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काजी अल्लाउद्दीनाने तो सोळाव्या शतकात बांधला, असे कुलाब्याचे ग्याझेटियर सांगते. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईचे साहेबलोक आगबोटीने नागोठण्यास उतरून महाडमार्गे महाबळेश्वरास जात. येथेही वाटसरू मुंबईचाच. पेणकर आणि रोहेकर वाटेच्या कडेला उभे.

मुंबईकडे तोंड करून राहण्याची किंमतही या मुलखाने मोजली आहे. भर पावसाळ्यात, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. पोटासाठी मुंबई गाठलेली आणि घराच्या ओढीने परतणारी कुलाबा जिल्ह्यातील कितीतरी माणसे तीत होती. खाडीचे तोंड समोर असताना त्यांचे घर कायमचे दूर राहिले. मैलांचा आकडा त्या दिवशी कोणाच्या उपयोगी पडला?

१९८६ साली लोहमार्ग रोह्यापर्यंत पोचला. पेण, कासू, नागोठणे, रोहे ही नावे एका ओळीत आली, नद्या पुलांखाली गेल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, तेव्हा मंगळूरकडे जाणाऱ्या सुमारे ७४० किलोमीटरच्या त्या मार्गाचा आरंभ रोह्यास होता. कधीकाळी खाडीच्या टोकाचे हे गाव अशा रीतीने लांबच्या प्रवासाचे दार झाले.

आता २०२५ पासून पनवेलजवळ विमानतळही झाला आहे. तेथून दिल्लीस विमान साधारण दोन तासांत पोचते. पेणहून रोह्यास एस. टी.ने तासभर तरी लागतोच. मला यात नवल वाटत नाही. मचवा, आगबोट, आगगाडी, विमान, प्रत्येकाने मोठे शहर आधी जवळ आणले आणि शेजारचे गाव मागाहून. नकाशावरचे २० मैल जसेच्या तसे आहेत. माणसाला कोठे जाण्याची निकड पडते, त्यावरून ते लहानमोठे होत आले. या दिवाळीत पेणकराने रोह्याच्या एखाद्या घरी फराळास जावे. तेवढ्यानेही हा इतिहास थोडा पुढे सरकेल.