बूट ॲनिमेशन आणि बूटलूप

बूट ॲनिमेशन : फोन सुरू केल्यापासून मुख्य पडदा येईपर्यंत दिसणारी हलती चित्रमालिका. फोन मुख्य पडद्यापर्यंत न पोहोचता पुन्हा पुन्हा सुरू होत राहिला, तर त्या बिघाडाला ‘बूटलूप’ म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात याचेच वर्णन ‘फोन लोगोवर अडकला’ असे होते. दोन्ही विषय एकाच नोंदीत घेण्याला कारण आहे. चित्र बदलण्यासाठी फोनची जी कुलपे काढावी लागतात, तीच बेफिकिरीने काढल्यास फोन सुरू होणे थांबते. आणि फोन कुठे अडकला हे ओळखण्याची पहिली खूण पडद्यावरच्या चित्रातच असते. पुढील विवेचन मुख्यतः अँड्रॉइड फोनांविषयी आहे.

पॉवर बटण दाबताच चिपमधला कायमचा कोड बूटलोडरला जागे करतो. बूटलोडर कंपनीचा स्थिर लोगो दाखवतो आणि लिनक्स कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चढवतो. कर्नल ‘इनिट’ ही पहिली प्रक्रिया सुरू करतो. पडद्यावर चित्र उमटवणारी ‘सरफेसफ्लिंगर’ ही सेवा उभी राहिली की ॲनिमेशन सुरू होते, आणि त्याच्या आड ॲपांना जन्म देणारा ‘झायगोट’ व प्रणालीच्या सेवा चालवणारा ‘सिस्टिम सर्व्हर’ यांची जुळवाजुळव चालते. मुख्य पडदा तयार झाला की ॲनिमेशनला थांबण्याचा इशारा मिळतो. स्थिर लोगो आणि हलते चित्र अशा प्रकारे वेगवेगळ्या टप्प्यांवरची आहेत आणि वेगवेगळ्या जागी साठवलेली असतात. हौशी माणसे अनेकदा दोन्ही एकच समजून चालतात.

मूळ अँड्रॉइडमध्ये ही मालिका ‘बूटॲनिमेशन’ नावाच्या झिप फाईलमध्ये असते. तिच्यात ‘डेस्क’ नावाची एक छोटी मजकूर-फाईल आणि ‘पार्ट०’, ‘पार्ट१’ अशी चित्रांची फोल्डरे असतात. मजकुराच्या पहिल्या ओळीत तीन आकडे येतात : रुंदी, उंची आणि सेकंदाला किती चित्रे, उदा., १०८० २४०० ३०. पुढची प्रत्येक ओळ एका फोल्डराची. ‘पी १ ० पार्ट०’ म्हणजे हा भाग एकदा दाखवा, नंतर थांबा घेऊ नका. फेऱ्यांच्या जागी शून्य असेल तर फोन तयार होईपर्यंत तो भाग फिरत राहतो. ‘पी’ऐवजी ‘सी’ लिहिले तर फोन तयार झाला तरी तो भाग पूर्ण होऊनच थांबतो. मुख्य पडदा उगाच उशिरा येऊ नये असे वाटत असेल, तर ‘सी’ जपून वापरावा.

इथे चुका ठरावीक ठिकाणी होतात. झिप करताना चित्रे दाबायची नसतात, नुसती साठवायची असतात. दाबलेली चित्रे प्रणाली वाचतच नाही आणि पडदा काळा राहतो. चित्रे नावाच्या क्रमाने लागतात, म्हणून ०००१, ०००२ अशी शून्ये भरून नावे द्यावी लागतात; नाहीतर १० क्रमांकाचे चित्र २ च्या आधी येते. फाईल बदलूनही जुनेच चित्र दिसत असेल तर ‘प्रॉडक्ट’ विभागात दुसरी प्रत आहे का ते पाहावे, कारण तिचा शोध ‘सिस्टिम’ विभागाच्या आधी घेतला जातो. सॅमसंगच्या फोनांत तर झिपऐवजी ‘क्यूएमजी’ हे कंपनीचे स्वतःचे स्वरूप वापरले जाते.

चित्रमालिका फसली म्हणून फोन सहसा बंद पडत नाही, कारण ती दाखवणारी प्रक्रिया बाकीच्या प्रणालीपासून वेगळी चालते. धोका असतो तो फाईल जागेवर ठेवण्यात. सिस्टिम विभाग फक्त वाचण्यासाठी असतो आणि त्यातील प्रत्येक तुकड्याची सुरू होतानाच्या व चालू असतानाच्या वाचनात पडताळणी होते. ही सोय अँड्रॉइड ४.४ मध्ये आली आणि ७.० पासून सक्तीने राबवली जाऊ लागली. त्या विभागात एक फाईल बदलली तरी पडताळणी चुकते आणि फोन पुढे जाण्यास नकार देतो. म्हणून आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो. त्यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, दर वेळी सुरू होताना इशाऱ्याचा पडदा येतो, आणि अनेक बँकांची व पैसे पाठवण्याची ॲप अशा फोनवर चालत नाहीत. मॅजिस्कसारख्या साधनाने मूळ विभागाला हात न लावता चित्र वरून चढवता येते. ज्याला हौस भागवायचीच आहे त्याने हाच मार्ग धरावा. रोजच्या व्यवहाराच्या एकमेव फोनवर मात्र हे करू नये.

आता बिघाड. स्थिर लोगोवरच फोन अडकला असेल तर दोष बूटलोडर, कर्नल किंवा हार्डवेअरमध्ये शोधावा. ॲनिमेशन संपतच नसेल तर कर्नल चालू आहे, वरची प्रणाली उभी राहत नाही. मुख्य पडदा क्षणभर दिसून फोन पुन्हा सुरू होत असेल तर संशय एखाद्या ॲपवर किंवा सेटिंगवर जातो. एवढे निरीक्षण न करता थेट ‘सॉफ्टवेअर मारणे’, म्हणजे प्रणाली नव्याने चढवणे, ही घाई आहे, आणि त्या घाईत घरच्या माणसांचे फोटो कायमचे जातात.

तिसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण २०२० मधले आहे. अमेरिकेतील ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या एका तळ्याचे सुंदर छायाचित्र वॉलपेपर म्हणून लावताच अँड्रॉइड १० असलेले अनेक फोन बूटलूपमध्ये गेले. चित्राची रंगव्यवस्था नेहमीपेक्षा वेगळी होती. त्यामुळे उजळपणाच्या हिशेबात २५५ या कमाल मर्यादेपलीकडचा आकडा आला आणि पडद्याची व्यवस्था पाहणारा प्रोग्राम कोसळला. फोन सुरू झाला की तेच चित्र पुन्हा वाचले जाई आणि प्रोग्राम पुन्हा कोसळे. हार्डवेअरच्या दोषाचे उदाहरण म्हणजे एलजी जी४. सुट्या भागांमधील सैल जोडणीमुळे बूटलूप होतो, असे कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये मान्य केले. एलजीनेच बनवलेल्या नेक्सस ५एक्सवर हौशी तंत्रज्ञांनी प्रोसेसरचे दोन मोठे कोअर बंद ठेवणारा कर्नल चढवला, आणि मेलेले समजलेले कित्येक फोन उरलेल्या चार कोअरवर पुन्हा चालू लागले.

उपाय सौम्यापासून कठोराकडे जावेत. आधी फोन चांगला चार्ज करावा, कव्हर काढावे आणि पॉवर बटण दबून राहिलेले नाही ना हे पाहावे. अडकलेले बटण फोनला सतत रीस्टार्ट करते आणि हा दोष अनेकांच्या ध्यानातच येत नाही. मग सेफ मोड : बऱ्याच फोनांत ॲनिमेशन चालू असताना आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरल्यास बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून फोन सुरू होतो. त्यानंतर रिकव्हरी, म्हणजे मुख्य प्रणालीबाहेरचा दुरुस्तीचा मेनू. तेथे ‘कॅशे’ पुसण्याचा पर्याय असेल तर त्याने डेटा जात नाही. ‘फॅक्टरी रीसेट’ने मात्र सगळे जाते.

नव्या फोनांत थोडी स्वयंचिकित्सा असते. अँड्रॉइड ७.० पासून प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आहे; ती असलेल्या फोनात अपडेट फसले तर बूटलोडर जुन्या प्रतीवर परततो. अँड्रॉइड ८.० मधील ‘रेस्क्यू पार्टी’ ही सोय प्रणाली सारखी कोसळत असल्याचे ओळखून एकेक उपाय करते आणि शेवटी फोनला रिकव्हरीत नेऊन रीसेट सुचवते.

रीसेट करण्यापूर्वी फोनवरचे गूगल खाते आणि त्याचा पासवर्ड माहीत असल्याची खात्री करावी, कारण अँड्रॉइड ५.१ पासून रिकव्हरीतून रीसेट झालेला फोन तेच खाते पुन्हा मागतो. मेमरी चिप काढून फोटो परत मिळवण्याच्या आश्वासनावरही विसंबू नये. आजच्या फोनांतील डेटा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी व पडद्याच्या कुलपाशी बांधलेली असते. आयफोनमध्ये आरंभीचा लोगो बदलण्याची सोयच नाही. आयफोन लोगोवर अडकल्यास संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये ‘रिस्टोअर’आधी ‘अपडेट’ निवडावे, म्हणजे डेटा न पुसता प्रणाली नव्याने बसवण्याचा प्रयत्न होतो.