मिंगेई
मिंगेई : जपानमधील लोकहस्तकलांची चळवळ. ‘मिंगेई’ म्हणजे सामान्य जनांची कला. विचारवंत यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) यांनी १९२५ मध्ये हामादा शोजी व कावाई कांजिरो या कुंभकारांसमवेत ही संज्ञा घडविली. अनामिक कारागिरांनी नित्य वापरासाठी केलेली भांडी, वस्त्रे, टोपल्या इ. वस्तूंतच अस्सल सौंदर्य आढळते, असे यानागींचे प्रतिपादन होते. कोरियातील चोसन राजवटीच्या काळातील मृत्पात्रांच्या परिचयाने त्यांच्या या विचारास चालना मिळाली. अशा वस्तूंसाठी त्यांनी टोकिओ येथे ‘निहोन मिंगेईकान’ हे संग्रहालय उभारले (१९३६).

तथापि केवळ संग्रहाने कारागिरांचा चरितार्थ चालणे शक्य नव्हते. यंत्रोत्पादित मालापुढे त्यांच्या वस्तूंना मागणी उरली नव्हती. तोत्तोरी येथील डॉक्टर योशिदा शोया यांनी १९३१ मध्ये उशिनोतो येथील कुंभारांकडून नव्या राहणीस सोयीची भांडी पारंपरिक झिलईतच करवून घेतली आणि त्यांच्या विक्रीसाठी ‘ताकुमी’ हे दुकान काढले (१९३२). जुने कसब व नवी गरज यांची ही सांगड पुढील अभिकल्पकांनाही मार्गदर्शक ठरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची (१९०४–८८) यांनी गिफू येथील कागदी कंदिलांच्या व्यवसायाकडे लक्ष वळविले (१९५१). बांबूच्या कामट्या व तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा कागद ही मूळ सामग्री कायम ठेवून त्यांनी मेणबत्तीऐवजी विजेचा दिवा योजला. हे घडीचे दिवे ‘अकारी’ नावाने प्रसिद्ध आहेत. सोएत्सूंचे पुत्र यानागी सोरी (१९१५–२०११) यांनी १९५४ मध्ये वाकविलेल्या प्लायवुडच्या दोन समान भागांचे ‘बटरफ्लाय’ स्टूल निर्माण केले. हे तंत्र आधुनिक असले, तरी साधेपणा व उपयुक्तता ही तत्त्वे मिंगेईचीच होत.

या चळवळीत एक अंतर्विरोधही होता. अनामिकतेचा आदर्श मानून हामादा आपल्या भांड्यांवर स्वाक्षरी करीत नसत. तरीही संग्राहक ती त्यांच्याच नावासाठी घेत. १९५५ मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान लाभला, तर कावाई यांनी तो नाकारला. पारंपरिक हस्तव्यवसायांच्या प्रोत्साहनासाठी १९७४ मध्ये जपानने कायदा केला. वस्तू मुख्यत्वे दैनंदिन जीवनात वापरली जाणारी असावी, ही त्यातील एक अट आहे. संग्रहालयाबाहेर, घरात वापर झाला तरच कसब टिकते, या मिंगेईच्या अनुभवाशी ती सुसंगत आहे.