राइड-ऑन लॉन मोअरचे इंजिन सुरू न होणे

राइड-ऑन लॉन मोअर म्हणजे चालकाने आसनावर बसून चालवायचे गवतकापणी यंत्र. क्रीडांगणे, गोल्फची मैदाने, शैक्षणिक संस्थांचे परिसर अशा विस्तीर्ण हिरवळींवर ते वापरले जाते. अशा अनेक यंत्रांत एक किंवा दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे पेट्रोल इंजिन आणि १२ व्होल्टची बॅटरी असते. इंजिन सुरू होण्यासाठी ते पुरेशा वेगाने फिरणे, इंधन व हवा यांचे योग्य मिश्रण मिळणे, सिलिंडरात पुरेसा दाब निर्माण होणे आणि योग्य क्षणी ठिणगी पडणे या चार बाबी आवश्यक असतात. यांपैकी कोणती बाब अपुरी आहे हे क्रमाने शोधणे म्हणजे दोषनिदान होय.

मुंबई उपनगरातील परिस्थिती

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर किंवा चेंबूरचे गोल्फ मैदान यांसारख्या मोठ्या हिरवळी उपनगरात मोजक्याच आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील गृहसंकुलांच्या लहान बागांना ढकलायची यंत्रे पुरतात. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास दाखल होतो व ऑक्टोबरच्या पूर्वार्धात परततो. या काळात सांताक्रूझ वेधशाळेत सरासरी सुमारे २३०० मिमी पावसाची नोंद होते. याच महिन्यांत गवत सर्वाधिक वेगाने वाढते, परंतु भिजून मऊ झालेल्या जमिनीवर जड यंत्र नेता येत नाही. परिणामी यंत्र दमट हवेत दीर्घकाळ उभे राहते. बॅटरी उतरणे, जोडण्या गंजणे आणि इंधन बिघडणे या दोषांना ही स्थिती पोषक ठरते.

किल्ली फिरवल्यावर इंजिन न फिरणे

प्रथम सुरक्षा स्विच तपासले जातात. चालक आसनावर नसल्यास, ब्रेक दाबलेला नसल्यास किंवा पाती जोडलेली असल्यास अनेक यंत्रांत स्टार्टरला वीजच मिळत नाही. त्यानंतर बॅटरी पाहिली जाते. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन न फिरल्यास उतरलेली बॅटरी, गंजलेली टोके, सैल भूजोडणी किंवा सदोष सोलेनॉइड यांची शक्यता असते.

इंजिन फिरणे, पण सुरू न होणे

या स्थितीत स्पार्क प्लग काढून पाहणे उपयुक्त ठरते. काही प्रयत्नांनंतरही प्लग कोरडा असल्यास इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी इंधनाची तोटी, गाळणी, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र व कार्बुरेटरमधील जेट तपासतात. प्लग पेट्रोलने ओला असल्यास चोक अडकणे, हवेची गाळणी चोंदणे किंवा ठिणगी न पडणे ही कारणे संभवतात.

पेट्रोल साधारण महिनाभरानंतर शिळे होऊ लागते आणि त्यातील चिकट अवशेष जेट बुजवतात. भारतात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री २०२३ साली सुरू झाली. लहान इंजिनांचे अनेक उत्पादक मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासच मान्यता देतात, त्यामुळे यंत्राची पुस्तिका पाहणे महत्त्वाचे ठरते. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पावसाचे पाणी शिरून त्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी साचतो. इंधन तळाकडूनच ओढले जात असल्याने इंजिनाला पेट्रोलऐवजी हा थर मिळतो. असे इंधन पूर्णपणे काढून टाकावे लागते; त्यात नवे पेट्रोल मिसळून दोष जात नाही.

इंजिन अचानक अडकणे

द्रव पदार्थ वायूप्रमाणे दाबला जात नाही. त्यामुळे सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर वारंवार फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर इंजिन बदलण्यात होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्या पुरात बुडालेल्या मोटारींनाही हाच धोका होता. गवतकापणी यंत्रात पाऊस नसतानाही असे घडू शकते, कारण कार्बुरेटरमधील सुईची झडप गळत असल्यास पेट्रोल सिलिंडरात व तेलात उतरते. तेल दुधाळ दिसणे हे पाण्याचे, तर तेलाची पातळी वाढून त्याला पेट्रोलचा वास येणे हे गळतीचे लक्षण आहे. अशा वेळी प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून द्रव बाहेर काढतात आणि सुरू करण्यापूर्वी तेल बदलतात.

सुरक्षितता आणि प्रतिबंध

पात्यांजवळ काम करण्यापूर्वी प्लगची तार काढून बाजूला बांधतात व बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. ठिणगीची चाचणी सांडलेल्या पेट्रोलजवळ करू नये. कार्बन मोनॉक्साइडचा धोका असल्याने बंद खोलीत इंजिन चालवू नये. आसनाखालील स्विच तारेने जोडून कायमचा निकामी करणे विशेष धोक्याचे आहे, कारण चालक खाली पडला तरी पाती फिरत राहतात. दीर्घकाळ यंत्र वापरायचे नसल्यास टाकी व कार्बुरेटर रिकामे करणे, बॅटरी अधूनमधून भारित करणे आणि यंत्र उंच, कोरड्या व हवेशीर जागी ठेवणे हे प्रतिबंधक उपाय आहेत.