साथीच्या काळातील संसर्गमुक्त शस्त्रक्रिया विभाग

साथ पसरली, की रुग्णालये सर्वप्रथम नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. कोविडच्या साथीत सर्वाधिक ताणाच्या १२ आठवड्यांत जगभरातील सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील अथवा लांबणीवर पडतील, असा अंदाज ‘कोविडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने मे २०२० मध्ये वर्तविला होता. मात्र, नियोजित म्हणजे अनावश्यक नव्हे. कर्करोगाची गाठ काढण्याची शस्त्रक्रियाही बहुधा नियोजितच असते आणि विलंब झाल्यास आजार बळावतो.

भीती मात्र निराधार नव्हती. शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविड झालेल्या १,१२८ रुग्णांचा या गटाने २४ देशांत अभ्यास केला. त्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले, तर निम्म्या रुग्णांच्या फुफ्फुसांत गुंतागुंत झाली. यात तातडीच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे होते.

यावरील उपाय म्हणजे संसर्गमुक्त विभाग. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि आंतररुग्ण कक्ष या तिन्ही ठिकाणी कोविडच्या रुग्णांना प्रवेश नसणे, ही त्याची मुख्य अट. केवळ शस्त्रक्रियागृह वेगळे ठेवून भागत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सामायिक कक्षात गेल्यास संसर्गाचा धोका कायम राहतो. शस्त्रक्रियेपूर्वीची चाचणी आणि कर्मचाऱ्यांची स्वतंत्र नेमणूक यांची त्याला जोड लागते.

कर्करोगाच्या नियोजित शस्त्रक्रिया झालेल्या ५५ देशांतील ९,१७१ रुग्णांच्या पाहणीत अशा विभागांत फुफ्फुसांच्या गुंतागुंतीचे प्रमाण २.२ टक्के, तर अन्यत्र ४.९ टक्के आढळले. कोविडच्या संसर्गाचे प्रमाण अनुक्रमे २.१ व ३.६ टक्के होते. वय व सहव्याधींतील फरक जमेस धरूनही हा लाभ टिकून राहिला. तरीही जेमतेम २७ टक्के रुग्णांनाच ही सोय मिळाली होती.

काळजी घेतल्यास शस्त्रक्रिया थांबवाव्या लागत नाहीत, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही दाखवून दिले. तेथे २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या टाळेबंदीच्या दिवसांत कर्करोगाच्या ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही. सहा जणांना कोविड झाल्याचे निष्पन्न झाले. मात्र, कोणालाही त्यासाठी अतिदक्षता विभागात हलवावे लागले नाही.

पुढील साथ केव्हा येईल, हे सांगता येत नाही. परंतु कक्षांची विभागणी साथीच्या ऐन भरात करणे कठीण असते. ती आराखड्यातच असेल, तर साथ आणि शस्त्रक्रिया यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ रुग्णालयावर येणार नाही.