पंथावर बंदी आणि राजसत्तेची मर्यादा



एखाद्या बाबाचे नाव भलत्या प्रकरणात वर्तमानपत्रात आले, की पारावर, दिंडीत, मुक्कामाच्या राहुटीत एकच बोलणे ऐकू येते : "सरकारने असल्या पंथांवर बंदीच घातली पाहिजे." बोलणारी माणसे सात्त्विक असतात. फसलेली घरे आणि विकलेल्या जमिनी त्यांनी पाहिलेल्या असतात, म्हणून त्यांचा संताप खोटा नाही. तरी बंदी ही काय वस्तू आहे, ती कोणावर पडते आणि तिच्याने काय साधते, याचा विचार वारकऱ्याने शांतपणे केला पाहिजे. आपल्या संप्रदायाला हा विषय परका नाही. संन्याशाची मुले म्हणून माउलींच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या. परंपरा हे सांगते आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या ते कीर्तनातून ऐकत आलो. त्या त्या काळी ज्यांच्यावर आक्षेप होता, ते हेच.

पण आपल्या मुलखातले आजचे उदाहरण घेतले, की ऐकणाऱ्याचा पक्ष आधीच ठरलेला असतो. म्हणून आज दूरच्या जपानकडे पाहू. त्या एकाच देशात साठ वर्षांच्या अंतराने दोन पंथांची दोन प्रकरणे घडली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, की पुष्कळ उलगडा होतो.

पहिले प्रकरण ओमोतो पंथाचे. क्योतो प्रांतात आयाबे नावाचे गाव आहे. तेथे नाओ देगुची नावाची एक गरीब विधवा राहत असे. नवरा सुतार, तो आजारपणात गेला. पोरांचे पोट भरण्यासाठी ही बाई चिंध्या गोळा करून विकी. १८९२ साली, पन्नाशी उलटल्यावर, तिच्या अंगात देवाचा संचार होऊ लागला. शिक्षण नसलेल्या त्या बाईच्या हातून कागदावर वचने उतरू लागली. जग स्वार्थाने बिघडले आहे, ते नव्याने घडेल, असा त्यांचा आशय. आपल्याकडे दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईच्या मुखातून काय प्रकटले हे आपण जाणतो. तेव्हा अशा गोष्टीचे आपल्याला नवल वाटू नये.

पुढे तिचे जावई ओनिसाबुरो यांनी पंथ देशभर वाढवला. त्या काळी जपानात सम्राट हा देवाचा वंशज, असे राज्याचेच मत होते. मग एका खेड्यातली बाई निराळ्या देवाची आज्ञा सांगते, हे सत्तेला कसे रुचावे? १९२१ साली पहिली धाड पडली, सम्राटाच्या अवमानाचा आरोप झाला आणि आयाबेचे मुख्य मंदिर पाडले गेले. पंथ तरीही वाढला. ओनिसाबुरो राजकारणाच्याही जवळ गेले. १९३४ साली त्यांनी देशव्यापी संघटना उभी केली आणि तिच्यात उग्र राष्ट्रवादी मंडळींचा वावर होता. सरकारची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

पण सरकारने केले काय? ८ डिसेंबर १९३५ च्या पहाटे शेकडो पोलिसांनी आयाबे आणि कामेओका येथील स्थानांना वेढा दिला. माणसे कोठडीत गेली, त्यांचे हाल झाले. खटल्याचा निकाल लागण्याआधीच, १९३६ साली, पंथाच्या वास्तू जमीनदोस्त केल्या. कामेओकाचे दगडी मंदिर तर सुरुंगाच्या दारूने उडवले. जमिनी कवडीमोलाने विकायला लावल्या. खालच्या न्यायालयाने १९४० साली ओनिसाबुरोंना जन्मठेप दिली. १९४२ साली वरच्या न्यायालयाने राज्य उलथवण्याचा मुख्य आरोपच फेटाळला. तोवर सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. महायुद्धानंतर उरलेले आरोपही गेले. नुकसानभरपाई मागावी असे वकिलांचे म्हणणे होते; ओनिसाबुरो म्हणाले की, तो पैसा युद्धाने होरपळलेल्या जनतेच्याच करातून येणार, तो आम्हाला नको. असे त्या पंथाची माणसे सांगतात. आयाबेला आजही त्यांची उपासना चालते. सुरुंगाने दगड फुटले, श्रद्धा फुटली नाही.

या अनुभवातून जपानने धडा घेतला. १९४७ च्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्य आले. १९५१ साली धार्मिक संस्थांच्या नोंदणीचा कायदा झाला. नोंदणी केली की संस्थेला मालमत्ता धरता येते आणि करात सवलत मिळते. नोंदणी नसली तरी उपासनेला आडकाठी नाही.

आता दुसरे प्रकरण. शोको आसाहारा नावाच्या मनुष्याने १९८४ साली तोक्योत योगाचा वर्ग काढला. पुढे त्याने पंथाचे नाव ठेवले ओम शिनरिक्यो. आपला ॐकार, आपला शिव आणि बौद्ध मतातले काही, असा सारा मेळ त्याने घातला होता. मुले घर सोडून जातात, मालमत्ता पंथाला देतात, अशा आईबापांच्या तक्रारी होत्या. नोंदणी द्यायला अधिकारी आधी कचरले, पण ऑगस्ट १९८९ मध्ये ती मिळाली. या आईबापांची बाजू लढवणारा एक तरुण वकील, त्याची पत्नी आणि वर्षाचे लेकरू त्याच नोव्हेंबरात घरातून नाहीसे झाले. घरात या पंथाचा बिल्ला सापडला होता. तरी तपास पुढे गेला नाही. त्या तिघांचा पंथाच्या माणसांनी खून केला होता, हे सहा वर्षांनी उघड झाले.

जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात सारिन नावाचा विषारी वायू सोडला गेला आणि माणसे मेली. पोलिसांनी संशय घेतला तो ज्याने पहिली खबर दिली त्या गृहस्थावर. त्याची स्वतःची पत्नी त्या वायूने बेशुद्ध पडली होती! आणि २० मार्च १९९५ ला सकाळी, कामाला निघालेल्या लोकांच्या गर्दीत, तोक्योच्या भुयारी रेल्वेत पंथाच्या माणसांनी तोच वायू सोडला. चौदा माणसे गेली, हजारो जायबंदी झाली.

असे झाल्यावर कोणताही समाज काय म्हणेल? बंदी घाला. सरकारनेही पंथ समूळ मोडण्यासाठी १९५२ च्या एका कडक कायद्याचा आधार मागितला. पण निर्णय देणाऱ्या आयोगाने जानेवारी १९९७ मध्ये नकार दिला. पुढेही असेच घडेल असे मानायला पुरेसा आधार नाही, असे त्याचे मत पडले. मग पंथ मोकळा सुटला का? मुळीच नाही. न्यायालयाने १९९५ सालीच त्याची नोंदणी रद्द केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते कायम केले. न्यायालयाने सांगितले की, संस्था विसर्जित झाली तरी व्यक्तीच्या उपासनेला यात मनाई नाही. मालमत्ता विकून पीडितांना भरपाई दिली गेली. १९९९ च्या नव्या कायद्याने उरलेल्या गटावर नजर ठेवली. ज्यांच्या हातून खून झाले त्यांच्यावर वर्षानुवर्षे खटले चालले आणि २०१८ साली आसाहारासह तेरा जणांना फाशी झाली.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, आधीच बंदी असती तर ते बळी वाचले असते ना?" शंका रास्त आहे. समाधान असे : ते बळी वाचवायला बंदीची गरज नव्हती. खून हा तेव्हाही गुन्हा होता. वकिलाचे कुटुंब नाहीसे झाले त्याच दिवशी तपास नेटाने झाला असता, तर पुढची वाट तिथेच अडली असती. कमी पडली ती कृत्याची चौकशी. धर्माचे नाव आले म्हणून पोलिसांनी हात आखडता घेणे, हीदेखील सत्तेची चूकच. श्रद्धेवर हल्ला करणे आणि श्रद्धेच्या नावापुढे कृत्याकडे डोळेझाक करणे, दोन्हींत राजा आपला धर्म चुकतो.

आणखी एक गोष्ट. हल्ल्यानंतर काही गावांनी या पंथाच्या साध्या अनुयायांची रहिवासी म्हणून नोंद करायचे नाकारले. आसाहाराच्या मुलांना शाळांची दारे बंद झाली. लेकरांनी काय केले होते? रहिवासाची नोंद नाकारणे बेकायदा, असे पुढे न्यायालयांनी ठरवले. बंदीची भाषा सुरू झाली, की मार बसतो तो नेहमी वाकलेल्या पाठीवर. ठकसेन नाव बदलून दुसरा मठ काढतो; भोळा भाविक मात्र गावकुसाबाहेर पडतो.

आपल्याकडे राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने उपासनेचे स्वातंत्र्य दिले आणि सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांची मर्यादाही घातली. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना धास्ती होती की उद्या वारी-कीर्तनावर गदा येईल. त्या कायद्यात शिक्षा कशाला आहे ते पाहा : नरबळी, अघोरी मारहाण, चमत्काराच्या नावाने लुबाडणूक, अशी कृत्ये सूचीत नोंदली आहेत. वारी, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन यांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. कायदा असाच असावा. त्याने हात काय करतो ते पाहावे. हृदयात कोण बसला आहे ते विचारू नये.

मान्यतेचेही तसेच. आपल्या संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतो, हिशेब देतो, ते योग्यच आहे. पैसा आला तेथे हिशेब आलाच. पण गळ्यातली तुळशीची माळ कोणत्या कचेरीत नोंदलेली नाही, आणि पंढरीची वाट चालायला कोणाचा दाखला लागत नाही. जे स्वातंत्र्य आपल्याला हवे, ते आपल्याला न पटणाऱ्यालाही असले पाहिजे. नाहीतर आज आपण दुसऱ्यासाठी मागितलेला हुकूम उद्या आपल्याच दारी येतो.

म्हणून, वाचकहो, बंदीच्या निवेदनावर कोणी सही मागितली तर त्याला विचारा : कृत्य कोणते? केले कोणी? त्याची तक्रार दिली का? नसेल दिली, तर त्याच्यासोबत उठा आणि पोलीस ठाण्यात जा. पीडित बाईमाणसाच्या पाठीशी उभे राहा. साक्ष द्यायची वेळ आली तर मागे सरू नका. आणि फसून परत आलेल्या माणसाला 'कुठे गेला होतास' असे टोचून न विचारता पंगतीत जागा द्या. हे काम कोणत्याही सरकारी हुकुमाने होणारे नाही. ते आपलेच आहे.

रामकृष्ण हरि.