तीन कोऱ्या सीडी

२००३ सालची गोष्ट. नोकरीच्या निमित्ताने मी तेव्हा कॅलिफोर्नियात होतो. आमच्या टीममध्ये पन्नाशीचा, पांढरी शेंडीवजा पोनीटेल बांधणारा एक गृहस्थ होता. कामात चोख, बोलायला कमी. एकदा जेवणाच्या सुट्टीत गाण्यांचा विषय निघाला आणि मी सहज बोलून गेलो, की 'ग्रेटफुल डेड' या बँडचं नाव खूप ऐकलंय, पण गाणी कधी ऐकली नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तीन सीडी. वर कंपनीचं नाव नाही, चित्र नाही. मार्करने लिहिलेली एक तारीख, गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत माइकचं नि टेपरेकॉर्डरचं मॉडेल. मी विचारलं, "किती द्यायचे?" तर त्याला जवळजवळ रागच आला. म्हणाला, "पैसे नाही घेत आम्ही. तीन कोऱ्या सीडी आणून दे, झालं. आणि तुझ्याकडे कुणी मागितल्या तर त्याला करून दे."

घरी येऊन सीडी लावली आणि पहिली पाच मिनिटं निराशाच झाली. गर्दीचा कलकलाट, कुणीतरी मित्राला हाका मारतोय, कुणीतरी शेजारच्याला खाली बसायला सांगतोय. मग लांबून, मोठ्या हॉलचा घुमारा घेऊन गिटार ऐकू यायला लागली. स्टुडिओतल्या रेकॉर्डचा स्वच्छपणा त्यात नव्हताच. पण तासाभराने लक्षात आलं, की मी गाणं ऐकत नाहीये, मी त्या हॉलमध्ये बसलोय!

हे कोण करतं, का करतं, आणि बँडवाले करू कसं देतात, या प्रश्नांच्या मागे मी तेव्हा लागलो. तो नाद अजून सुटलेला नाही.

मैफल चोरून (किंवा न चोरता) टिपण्याचा हा छंद रॉकपेक्षा जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात लायनेल मेपलसन नावाचे ग्रंथपाल होते. त्यांनी १९०१ ते १९०३ या काळात एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यांवर, चालू प्रयोगांचे तुकडे टिपून ठेवले. आवाज जेमतेम दोन-तीन मिनिटांचा आणि खरखरच जास्त. पण त्या काळातले काही गायक रंगमंचावर प्रत्यक्ष गाताना कसे गात होते, हे आज कळतं ते या नळकांड्यांमुळे. पुढे १९४७-४८ मध्ये डीन बेनेडेटी हा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या मागे क्लबाक्लबांतून रेकॉर्डर घेऊन हिंडला. बहुतेक वेळा तो फक्त पार्करचं वादन टिपायचा आणि बाकीच्यांची पाळी आली की मशीन बंद करायचा. भक्ती म्हणतात ती ही.

ग्रेटफुल डेडची गंमत अशी, की त्यांचा म्होरक्या जेरी गार्सिया स्वतःच या पंथातला होता. बँड निघाला १९६५ साली. त्याच्या आदल्या वर्षी गार्सिया एका मित्राबरोबर टेपरेकॉर्डर गाडीत टाकून अमेरिकाभर ब्लूग्रासच्या मैफली टिपत फिरला होता. त्यामुळे पुढे आपल्याच मैफलीत पोरं माइक लपवून आणताहेत म्हटल्यावर त्याला फारसा राग आला नसावा. आमचं वाजवून झालं की ते तुमचं, अशा अर्थाचं तो पुढे बोलायचाही. शिवाय हा बँड एकच कार्यक्रम दोनदा करत नसे. गाण्यांचा क्रम रोज वेगळा, आणि एकच गाणं एका रात्री सहा मिनिटांचं तर दुसऱ्या रात्री पंचवीस मिनिटांचं. आपल्याकडे एकाच गवयाचा यमन पुन्हा पुन्हा ऐकायला माणसं का जातात, ते ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले आणि त्यांतल्या बहुतेकांचं कुठलं ना कुठलं रेकॉर्डिंग आज आहे.

सुरुवातीला हे सगळं लपूनछपून चाले. सत्तरच्या दशकात ब्रुकलिनच्या काही पोरांनी टेपांच्या देवाणघेवाणीचं मंडळ काढलं आणि त्यातूनच १९७४ मध्ये 'डेड रेलिक्स' नावाचं पत्रक निघालं. 'रेलिक्स' मासिक ते हेच. हळूहळू हॉलमध्ये माइकच्या काठ्यांचं असं जंगल उभं राहू लागलं, की ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला स्टेजच दिसेना. मग ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीच्या कार्यक्रमांपासून, बँडने टेप करणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागाच राखून ठेवली, साउंडबोर्डच्या मागे. त्यासाठी वेगळी तिकिटं निघाली. अट एकच, विकायचं नाही.

आता या टेपा पसरायच्या कशा, तेही बघा. ९० मिनिटांची कॅसेट, एका बाजूला ४५ मिनिटं. एकाने टिपलं, त्याच्यावरून चौघांनी उतरवून घेतलं, त्या चौघांकडून आणखी सोळांनी. पण कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी सूं आवाज वाढतो. म्हणून प्रत कितव्या पिढीची, याला फार महत्त्व. आपल्याकडे मुलाचं लग्न ठरवताना कूळ विचारतात, तसं हे लोक टेपचं कूळ विचारत. पुढे डिजिटल टेप आली, मग कॉम्प्युटर आले, आणि १९९८ मध्ये ई-ट्री हा गट सुरू झाला. आवाजात काडीचीही घट होणार नाही अशाच फायली वाटायच्या, एमपीथ्री चालणार नाही, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर माइकपासून कॉम्प्युटरपर्यंतचा सगळा प्रवास लिहिलेली चिठ्ठी जोडायची, असा त्यांचा दंडक. २००२ पासून त्यांच्या मदतीने इंटरनेट आर्काइव्हवर हा खजिना जमू लागला. अर्थात ज्या कलावंतांची परवानगी आहे, त्यांचाच.

सगळेच बँड असे उदार नव्हते. लेड झेपेलिनचा मॅनेजर पीटर ग्रँट टेप करणाऱ्यांचा कर्दनकाळ. १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्याच्या माणसांनी एकाची यंत्रं फोडली आणि नंतर कळलं, की तो बिचारा सरकारी माणूस होता, गोंगाट मोजायला आलेला! अशा बँडच्या मैफली लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये माइक मिलार्डने टिपल्या. तो व्हीलचेअरवर बसून आत जायचा, कारण जड नाकामिची रेकॉर्डर तिच्यात लपवता यायचा. २१ जून १९७७ ची त्याची टेप आजही लोक जीव टाकून ऐकतात. पण आपल्या टेपांवरून कुणी धंदा करेल याची त्याला धास्ती होती. प्रती तो मोजक्याच लोकांना द्यायचा. १९९४ मध्ये तो गेला तेव्हा मूळ टेपा त्यानेच नष्ट केल्या अशी वदंता पसरली आणि कित्येक वर्षं लोक हळहळत राहिले. २०२० पासून त्याची कितीतरी रेकॉर्डिंग पुन्हा उजेडात आली. त्यांतली बरीच आली ती त्याने एका मित्राला करून दिलेल्या प्रतींवरून.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. टेप टिकते ती कपाटात नीट ठेवल्याने, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात कपाटातली टेप एकटी असते. चिकटा धरतो, बुरशी येते, कधी मालकच राहत नाही. बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन हिने थेट साउंडबोर्डवरून केलेल्या शेकडो टेपा गोदामाचं भाडं थकलं म्हणून १९८६ मध्ये लिलावात गेल्या. घेणाऱ्यांनी त्यांच्या प्रती काढून वाटल्या नसत्या, तर ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल इतक्या लोकांच्या कानांवर गेलीच नसती. तीच मैफल पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून निवडली आणि २०१७ मध्ये तिची अधिकृत सीडीही निघाली. आणि लोकांनी फुकट ऐकलेलीच होती तरी ती खपली!

हक्काचा प्रश्न मात्र सोपा नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये बँडच्या सांगण्यावरून आर्काइव्हवरची त्यांची डाउनलोड एकाएकी बंद झाली. चाहते भडकले, बहिष्काराची भाषा झाली, खुद्द बँडचा बेसवादक फिल लेश म्हणाला की मला विचारलंच नव्हतं. काही दिवसांतच तोडगा निघाला. प्रेक्षकांनी केलेली रेकॉर्डिंग पुन्हा खुली झाली आणि साउंडबोर्डवरची फक्त ऐकण्यापुरती राहिली. मला हा निवाडा बरा वाटतो. साउंडबोर्डची तार बँडची, तिथला आवाज बँडचा. पण प्रेक्षकांत उभं राहून, हात अवघडेपर्यंत माइक धरून टिपलेल्या आवाजात टिपणाऱ्याचंही काहीतरी असतं. तरीही, एखाद्या कलावंताला आपली पडलेली रात्र कायमची जगासमोर नको असेल, तर त्याला मी काय उत्तर देणार? माझ्याकडे उत्तर नाही.

हे सगळं लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आमच्या ओळखीत पुण्यात एक काका होते. खासगी बैठका, गणेशोत्सवातली गाणी यांच्या त्यांच्याकडे ढीगभर कॅसेट होत्या. बोलावून प्रेमाने ऐकवायचे, चहा पाजायचे, पण प्रत कुणालाही द्यायचे नाहीत. "एकदा बाहेर गेलं की बाजार होतो," म्हणायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते गेल्यावर दोन पावसाळे खोके तसेच माळ्यावर राहिले. त्यांच्या मुलाने मला बोलावलं तेव्हा बऱ्याच कॅसेटची फीत डब्यातच चिकटली होती. ज्या बैठका त्यांत होत्या, त्या आता कुठेच नाहीत.

माझ्या त्या तीन सीडींपैकी शेवटची मागच्या वर्षी वाचेनाशी झाली. जराही वाईट वाटलं नाही. त्याच तारखेची रेकॉर्डिंग आर्काइव्हवर शोधली, तर एकाच रात्रीची, वेगवेगळ्या माणसांनी हॉलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून केलेली सापडली. अर्थात आर्काइव्हही अमर नाही. ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ते काही दिवस बंदच होतं. तेव्हाही लोकांच्या घरोघरच्या प्रती होत्याच.

काकांकडच्या ज्या सात कॅसेट वाजल्या, त्या मी कॉम्प्युटरवर उतरवल्या आहेत. त्यांतल्या एका गायिकेच्या मुलीला पहिली प्रत पाठवली आणि पुढे कुणाला दिली तर चालेल का, असं विचारलं. आठवड्याने तिचा फोन आला. आईचा त्या वयातला आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला होता. म्हणाली, "द्या, पण विकू नका."

कुणाला हवी असेल तर सांगा. पैसे नकोत.