तळटीप : दो गज जमीन के नीचे
१. दो गज जमीन के नीचे (१९७२) : तुलसी व श्याम रामसे दिग्दर्शित हिंदी भयपट. बेताच्या पैशांत महाबळेश्वरला चित्रित झाला. खर्च वाचवायला सात रामसे भावांनी कामे वाटून घेतली : कुमारकडे लेखन, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे ध्वनी, अर्जुनकडे संकलन. अशा भयपटांत रंगभूषेचा थर उघडा पडतो, म्हणून त्यांना हसणे सोपे आहे. पण अंधार आणि आवाज यांवर घेतलेली मेहनत बघावी. तुटपुंज्या साधनांत प्रेक्षकाला दचकवणे हे अस्सल कसब आहे. वाचकांनी हा चित्रपट रात्री, दिवे मालवून जरूर पाहावा. – संपा.